दार्सैतमधले चार इंग्रज

आषाढात आमच्या कोथरूडच्या कोपऱ्यावर एक हातगाडी उभी राहते. तिच्यावर ओले खजूर असतात, पिवळे, काही लालसर, काडीसकट घोसाचे घोस. येणारेजाणारे बघतात, ‘हे असंच खायचं का?’ म्हणून विचारतात आणि शेजारच्या गाडीवरची केळी घेऊन जातात. मी थांबते. गाडीवाला आता मला ओळखतो. “मावशी, आले बघा तुमचे,” म्हणतो, जणू माझ्या माहेरची माणसंच एसटीतून उतरली आहेत. मी तिथंच एक खजूर रुमालाला पुसून तोंडात टाकते. आधी तो कुरकुरीत गोड लागतो, मग जिभेवर तुरट राप चढतो, आणि तो राप चढला की माझ्या कानात चर्चमधली माणसं एका सुरात गायला लागतात. त्यांच्या मागून लोखंडी दारावर बुक्क्या माराव्यात तसा ठेका येतो. हे मी घरी कुणाला सांगत नाही. या वयात कानात आवाज येतात म्हटलं की लोक लगेच डॉक्टरचं नाव सुचवतात.

पण काळजीचं कारण नाही. तो आवाज खराच आहे, फक्त वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा आणि समुद्रापलीकडचा. मस्कतमध्ये रुवीला लागून दार्सैत आहे, तिथं आम्ही राहायचो. करड्या, उघड्याबोडक्या डोंगरांच्या बेचक्यात इमारतींची दाटी, त्या इमारतींत सगळी आपल्याकडची माणसं, चालत गेलं की कृष्णाचं देऊळ आणि देवळाबाहेर टॅक्सीवाले. सकाळी गॅलरीत उभं राहिलं की कुणाचं सांबार, कुणाचा ढोकळा आणि कुणाचे सुके बोंबील एकाच झुळकीबरोबर नाकात शिरायचे. उन्हाळ्यात मात्र झुळूकही नको व्हायची. दुपारी थंड पाण्याचा नळ सोडला तर असं कढत पाणी यायचं की त्यात चहाची पूड टाकायचा मोह व्हावा. गीझर बंद ठेवायचा आणि त्यातलं पाणी गार म्हणून वापरायचं, ही तिथली युक्ती मी नव्यानं आलेल्या बायकांना शिकवायचे. त्या माझ्याकडे संशयानं बघायच्या आणि आठवड्याभरात आभार मानायला यायच्या.

जून लागला की दार्सैत रिकामं होऊ लागे. शाळा बंद झाल्या की प्रत्येक मजल्यावर चिकटपट्टी फाडल्याचा चर्र चर्र आवाज, दारात खोकी, खोक्यांवर जाड पेनानं लिहिलेली गावं. जाणारा आपल्या घराची चावी राहणाऱ्याकडे ठेवून जायचा. हा तिथला रिवाजच होता. कुणाच्या तुळशीला पाणी घालायचं, कुणाच्या माशांना खाणं टाकायचं, कुणाची गाडी अधूनमधून सुरू करून ठेवायची, नाहीतर बॅटरी बसते. त्या वर्षी आमच्या इमारतीत राहणारे आम्हीच, त्यामुळे सगळ्या चाव्या माझ्याकडे आल्या. कमरेला तो जुडगा लावून मी जिन्यातून फिरायचे तेव्हा एखाद्या गडाची किल्लेदारीण असल्यासारखं वाटायचं. गडावर माणूस मात्र कुणी नाही.

आम्ही राहिलो ते केतकीमुळं. ती आमची एकुलती एक. बारावी झाली होती आणि जुलै सरता सरता मी तिला पुण्याला हॉस्टेलवर सोडायला जाणार होते. आखातातल्या प्रत्येक आईला हे पहिल्यापासून माहीत असतं. बारावीपर्यंत मूल तुमचं, नंतर विमानाचं. माहीत असून काय उपयोग? माझा नवरा श्रीकांत तेव्हा इब्रीच्या साइटवर होता, वातानुकूलनाच्या कामावर. शनिवारी पहाटे जायचा, बुधवारी संध्याकाळी यायचा, कारण तिथली सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. मधले सगळे दिवस घरात मी, केतकी आणि एसीची घरघर.

आणि आम्ही दोघी बोलत नव्हतो. भांडण नव्हतं हो. भांडायलाही एक भाषा लागते. केतकी शाळेत इंग्रजी बोलायची, इमारतीतल्या मुलींशी इंग्रजी आणि हिंदी, चौकीदाराशी अर्धं अरबी. मराठी तिच्या वाट्याला आलं ते माझ्या एकटीच्या तोंडून. ते ती पाहुण्यांच्या बशीला हात लावावा तसं जपून वापरायची. “जेवलीस?” “हो.” “काय करतेस?” “नथिंग.” एवढ्यावर दिवस संपायचा. त्यात पुण्याहून माझ्या नणंदेचा फोन आला. “वहिनी, तिला मराठी येतं ना गं नीट? इथल्या मुली फाडून खातील. तुमची मुलगी धड इकडची ना तिकडची.” वन्सं मनानं वाईट नाहीत, पण त्यांच्या बोलण्याचा काटा आत राहतो. मी फोन ठेवला आणि मला खरोखर भीती वाटली. पुण्यात तिला कुणी आपली म्हणणार नाही ही एक. दुसरी त्याहून मोठी होती. ही जायला निघाली आणि मी हिला ओळखतच नाही.

तिच्या खोलीच्या भिंतीवर मात्र चार जण होते. इंग्लंडमधल्या एका बँडचे चार तरुण, केस विस्कटलेले, चेहरे असे की आत्ताच कुणाच्या तरी मयताला जाऊन आलेत. बँडचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण मी ते नीट उच्चारते असं केतकीला कधीच वाटलं नाही. मी त्यांना ‘तुझे चौघे’ म्हणायचे. त्यांच्या गिटारीच्या दणदणाटानं आमच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची. तीन वर्षं त्यांनी नवं काही काढलं नव्हतं, आणि आता त्यांचा नवा अल्बम आला होता. रुवीतल्या दुकानांत विचारलं तर “इन्शाल्ला, नेक्स्ट वीक” हे एकच उत्तर. जाण्याआधी तो ऐकायचा, एवढीच तिची त्या उन्हाळ्याकडे मागणी होती.

मिळाला तो इब्रीत. तिथल्या बाजारात रत्नागिरीकडच्या एका मुसलमान गृहस्थांचं कॅसेटचं दुकान होतं. दुबईहून रस्त्यानं माल आणायचे, म्हणून मस्कतच्या आधी त्यांच्याकडे नवीन वस्तू यायच्या. श्रीकांतनं कॅसेट घेतली आणि विसरू नये म्हणून गाडीत डोळ्यांसमोर, काचेखाली ठेवली. वाटेत निझवाला जेवायला थांबला. गाडी उन्हात. पंधरा वर्षं आखातात काढलेला माणूस, नव्या पोरांना “गाडीत साधा कंगवासुद्धा ठेवू नका रे” असं बजावणारा, आणि त्यानं जूनच्या दुपारी कॅसेट काचेखाली ठेवली. लेकीसाठी आणलेली वस्तू ना, म्हणूनच डोळ्यांसमोर हवी.

तो आला तेव्हा केतकी झोपली होती. मी कणीक मळत होते. कुतूहल म्हणून मीच ती कॅसेट स्वयंपाकघरातल्या टू-इन-वनमध्ये घातली. आणि तशीच उभी राहिले. कुणीतरी गात होतं आणि प्रत्येक सूर आपल्या जागेवरून हळूच निसटत होता, खाली येत होता, पुन्हा चढत होता. मी लग्नाआधी पुण्यात बाईंकडे काही वर्षं ख्याल शिकले आहे. मला वाटलं, अगं बाई, काय मींड घेतोय हा! इंग्रज माणूस आणि स्वराला असा हिंदोळा देतो? मी पिठाचे हात तसेच धरून श्रीकांतला म्हटलं, “अहो, ऐका जरा. यांना कुणीतरी शिकवलंय.” तेवढ्यात केतकी डोळे चोळत आली, दारात थबकली आणि किंचाळली.

“आई! दॅट्स नॉट सिंगिंग! टेप खराब झालीय! उन्हानं मेल्ट झालीय!”

मग ती जी हसत सुटली ती खाली फरशीवरच बसली. “आई म्हणते यांना शिकवलंय! बाबा, तुम्ही शिकवलं, गाडीत!” श्रीकांतचा चेहरा इतका पडला होता की मलाही हसू आवरेना. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी मोठ्यानं हसलं. आणि खरं सांगते, तो मोडका सूर मला आजही सुंदर वाटतो. कुणी काही म्हणो.

कॅसेट दुरुस्त करायची रीत तेव्हा प्रत्येक घराला ठाऊक होती. डबी वाकली तरी आतली फीत बहुधा शाबूत असते. बारीक स्क्रू काढायचे, फीत तिच्या चाकांसकट उचलायची आणि दुसऱ्या धड डबीत बसवायची. दुसरी डबी मी दिली. माझ्या भजनाच्या कॅसेटची. त्यामुळं चार इंग्रज त्या दिवसापासून आमच्या घरात ज्या डबीत राहिले तिच्यावर माझ्या अक्षरात ‘एकादशी – भजनं’ असं लिहिलेलं होतं. देवाला त्याचं काही वाटलं नसावं.

आता सूर सरळ ऐकू आले, आणि केतकीचं हसू मावळलं. ती खोलीत दार लावून पूर्ण अल्बम ऐकून बाहेर आली ती रडवेली होऊन.

“हे रॉक नाहीये, आई.”

“मग काय आहे?”

“तेच तर. त्यांनी चर्च टाकलंय, मशीन टाकलंय, वेडिंगसारखा बॅंड टाकलाय. सगळंच आहे. म्हणून काहीच नाही.” तिच्या राहिलेल्या दोनचार मैत्रिणींचे फोन आले. सगळ्या चिडलेल्या. तीन वर्षं वाट पाहायला लावून चौघांनी दगा दिला होता.

मला तिचं ते वाक्य लागलं. सगळंच आहे म्हणून काहीच नाही. वन्सं फोनवर जे बोलल्या ते हेच, आणि ज्या मुलीबद्दल त्या बोलल्या तीच आता ते दुसऱ्या कुणाला ऐकवत होती. शिवाय तिच्या बाजूनं बोलायचं तर मी स्वतः काही वेगळी नव्हते. आमच्या बाई फार कडक. ख्यालात ठुमरीची एखादी हलकी जागा आली तर तंबोरा खाली ठेवायच्या आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या. मी त्यांचीच शिष्या. देवळात गुरुवारच्या भजनात जोशी वहिनींनी कॅसिओ आणायचं काढलं तेव्हा “पेटी आणि टाळ, बाकी काही नको” असं मीच ठणकावलं होतं. मिसळ खायला चांगली, गायला नाही, हे माझं मत.

पण त्या मोडक्या कॅसेटनं माझ्या कानाला कसलीतरी चटक लावली होती. आणि वरच्या मजल्यावर कुरियन यांचं घर होतं.

कुरियन केरळचे, हिशेबनीस. चर्चमधल्या गायकवृंदात गाणारे, भारदस्त आवाजाचे. त्यांच्या दिवाणखान्यात गुडघ्याएवढे दोन स्पीकर असलेली म्युझिक सिस्टिम होती. तिच्यावर त्यांच्या बायकोनं स्वतः विणलेला लेसचा रुमाल घातलेला. चावी देताना कुरियननी झाडांबद्दल काही सांगितलं नाही. म्हणाले, “भाभीजी, सिस्टम बीच-बीच में चला देना. बंद रहा तो अंदर का बेल्ट चिपक जाता है.” कॅसेट दुरुस्त झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी केतकीला म्हटलं, “चल, कुरियन अंकलचा बेल्ट चिकटतोय. तुझे चौघे घे.” ती नाराजीनं आली.

रिकाम्या घराचा वास वेगळाच असतो. पडदे ओढलेले, सोफ्यावर चादरी, भिंतीवर येशू आणि त्याच्याखाली बंद पडलेला लाल दिवा. आम्ही गालिच्यावर बसलो. केतकीनं कॅसेट घातली आणि त्या मोठ्या स्पीकरांतून पहिलं गाणं आलं.

मी काय सांगू? आधी नुसती माणसं. बायका, पुरुष, म्हातारे, कुणाचा आवाज किंचित चिरका, सगळे एका सुरात, वरवर ऐकलं तर कुठलंही वाद्य नाही. मग खालून तो ठेका, मशीनचा, अगदी निर्दय. वाटतं की आता तो या भाबड्या माणसांना चिरडून टाकणार, आणि ती माणसं काही थांबत नाहीत. ती गातच राहतात. थोड्या वेळानं तो ठेकाच त्यांच्या पावलांचा आवाज होतो. माझ्या हातावर काटा आला. पुढच्या गाण्यात पितळी वाद्यांचा ताफा, किंचित बेसूर, आपल्याकडच्या लग्नातल्या बँडइतकाच उत्साही, आणि त्या गोंधळातून गाणाऱ्याचा पातळ आवाज सुईसारखा आरपार जातो. एका ठिकाणी तर लहान मुलांच्या खेळण्यातला पियानो वाजतो, बस, एवढंच. अशा धिटाईला काय म्हणावं! जिच्यामागे जग वेडं झालं होतं ती गिटार या माणसांनी बाजूला ठेवली होती. मला बाईंची आठवण झाली. वाटलं, बाईंनीही तंबोरा खाली ठेवला नसता. ठेवलाही असता कदाचित. पण खिडकीबाहेर नक्की बघितलं नसतं.

“गिटार नाहीच आहे,” केतकी गुडघ्यांत डोकं घालून म्हणाली.

“आहे की.”

“कुठे?”

“पहिल्या गाण्यात. पुन्हा लाव. डोळे मीट. आता माणसं ऐकू नकोस. माणसांच्या खाली काय आहे ते ऐक.”

तिनं डोळे मिटले. तिच्या कपाळावर आठी पडली, लहानपणी काढा पाजताना पडायची तशी. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो स्वर जरा वर आला तिथं हलकेच दाबला. गिटार पहिल्यापासून होती. तंबोऱ्यासारखी, एकाच स्वरावर, त्या साऱ्या आवाजांना अंग टाकायला जागा देत. दणदणाट करणारी ती गिटार आता नुसती खाली बसून राहिली होती. केतकीची आठी हळूहळू गेली. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी जन्मात विसरणार नाही. आपल्या आईला हे कळतं, याचं ते आश्चर्य होतं. “ओ माय गॉड,” ती म्हणाली. “आई, ती सगळ्यांच्या खाली झोपलीय.”

त्यानंतर कुरियन यांचा बेल्ट चिकटायची काही धास्ती उरली नाही. रोज दुपारी आम्ही तिथं. मी ताक घेऊन जायचे, ती कॅसेट. मी तिला स्वर दाखवायचे आणि ती मला शब्द सांगायची, कारण मला इंग्रजी वाचता येत असलं तरी गाण्यातलं कळत नव्हतं.

एकदा दार वाजलं. इमारतीचे मालक होते, पांढरा पायघोळ डिशडाशा घातलेले म्हातारे ओमानी गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना अर्बाब म्हणायचो. दर वर्षी त्यांच्या सीब गावाजवळच्या बागेतले पहिले खजूर ते भाडेकरूंकडे पोचवायचे, आणि त्या वर्षी इमारतीत आमच्याशिवाय कुणीच नाही म्हणून आवाजाच्या मागावर वर आले होते. हातात खजुराच्या पानांची टोपली. आत गाणं चालू होतं, त्यातला तार छेडण्याचा एक तुकडा. अर्बाब उंबऱ्यातच थांबले, मान तिरकी केली.

“ऊद?” त्यांनी विचारलं.

ऊद म्हणजे त्यांच्याकडचं तंतुवाद्य, टॅक्सीत रेडिओवर नेहमी वाजायचं.

“नो ऊद, अर्बाब,” केतकी म्हणाली. “इंग्लिश.”

“ला, ला,” ते ठामपणे म्हणाले. ला म्हणजे नाही. इंग्लिश असूच शकत नाही. मग तो तुकडा संपेपर्यंत ते टोपली धरून उभे राहिले, आम्हीही उभ्या राहिलो. संपल्यावर त्यांनी टोपली माझ्या हातात दिली, छातीवर हात ठेवला आणि जिना उतरून गेले. कुरियनना त्या गाण्यांत त्यांचं चर्च ऐकू आलं असतं, मला तंबोरा ऐकू आला, अर्बाबना ऊद. आणि चौघा इंग्रजांनी कुणाचंच काही चोरलेलं नव्हतं. त्यांच्या घराची दारंच इतकी होती. मी त्या दुपारी खजूर खात नुसती बसून राहिले. एवढंसं आपलं आयुष्य आणि केवढं मोठं हे जग, असं काहीतरी मनात येत होतं, पण ते शब्दांत सांगायला गेलं की पोकळ होतं.

शेवटच्या गाण्यात शब्द थोडे होते. ते सांगताना केतकी अडखळली.

“तो एका घरी जातो, आई. डोअर ओपन आहे. सगळे त्याला आत बोलवतात, पण... सगळे त्याचं नाव चुकीचं घेतात. आणि तो तरी... तो आन्सर करतो. रागावत नाही. काय म्हणतात, कुणी हाक मारली की...”

“ओ देतो.”

“हां. कुठल्याही नावाला तो ओ देतो.” गाणं संपलं होतं, फीत नुसती फिरत होती. “आई, पुण्यात मुली हसणार ना मला?”

आजवर तिनं मला असं काही विचारलं नव्हतं. मला म्हणायचं होतं, छे गं, कोण हसतंय. आयांना तेवढं खोटं बोलायची मुभा असते. पण ज्या गालिच्यावर बसून आम्ही इतके दिवस एकेक स्वर पारखत होतो तिथं बेसूर बोलवेना.

“हसतील,” मी म्हटलं.

“मग?”

“मला माहीत नाही, केतू. माझी जाम तंतरलीय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तंतरलीय म्हणजे?” मी सांगितलं. ती म्हणाली, “माझी पण,” आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. ती इतकी उंच झाली होती की तिचे पाय गालिच्याबाहेर गेले. एसीची घरघर चालू होती. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, ही माझ्या पोटातून आलेली मुलगी. हिच्यात रुवीचा बाजार आहे, बरोबर वाढलेल्या कुरियनच्या मुलींची गाणी आहेत, चौकीदाराचं अरबी ‘यल्ला, चला’ आहे, देवरूखहून आलेल्या हिच्या बाबांची जिद्द आहे, माझा कानही आहे. इतकं सगळं एका ठिकाणी बसलंय, आणि मी आजवर त्यातलं काय कमी आहे तेवढंच मोजत होते. मला तिचा अभिमान वाटला असं म्हणणं थोडं होईल. मी दिपून गेले.

त्या गुरुवारी देवळात जोशी वहिनींना मी स्वतःहून म्हटलं, “कॅसिओ आणा. पण एकच पट्टी दाबून धरायची, वर काही कलाकुसर नाही.” बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी मला बरं नाही का म्हणून विचारलंसुद्धा.

जुलैत रुवीत अल्बमची सीडी आली. श्रीकांतनं ती आणि एक छोटा सीडी प्लेअर केतकीला घेऊन दिला. या वेळी पिशवी मांडीवर ठेवून आणली. कॅसेट माझ्याकडे राहिली. निघताना विमानतळावर बापलेक एकमेकांशी फक्त वजनाबद्दल बोलत होते, बॅग किती भरली, हातातली किती. श्रीकांत असाच आहे. विमान सुटल्यावर तो तिथून थेट इब्रीला गेला, घरी गेलाच नाही, हे मला नंतर कळलं.

पुण्यात पाऊस होता. हॉस्टेलची खोली पहिल्या मजल्यावर, दोन खाटा, दोन टेबलं, खिडकीला हिरवा रंग. दुसऱ्या खाटेवर सांगलीकडची एक मुलगी आधीच येऊन पसरली होती. तेल लावलेली घट्ट वेणी, डोळे चौकस. मी केतकीच्या गादीवर चादर घालत होते.

“तू कुठली गं?” तिनं विचारलं.

“दार्सैत,” केतकी म्हणाली.

“कुठं आलं ते?”

मी चादर सोडून वळले. आम्ही मूळचे देवरूखचे, माझं माहेर इथलंच, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. केतकीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती तिच्या त्या तुटक मराठीत म्हणाली, “लांब आहे. तिकडे माउंटन्स आहेत, पण झाडं नाही लागत.” मुलगी फिसकन हसली. “झाडं नाही लागत! लागत म्हणजे?” हेच ते. इतकं लवकर.

केतकीचे कान लाल झाले. मग तिनं पिशवीतून सीडी प्लेअर काढला, उठून त्या मुलीच्या खाटेवर जाऊन बसली आणि काही न विचारता हेडफोन तिच्या वेणीवरून तिच्या कानांवर चढवले. बटण दाबलं. मुलगी आधी हसतच होती. मग हसू अर्धवट राहिलं. मग तिच्या भुवया वर गेल्या. मी ओळखलं, माणसं गायला लागली असणार. मुलीनं काहीतरी बोलायला हेडफोन काढायला हात वर नेला तर केतकीनं तो मनगटाशी धरला.

“थांब ना,” ती म्हणाली. “पुढं येतंय.”

आणि तिनं डोळे मिटून, काहीच ऐकू येत नसताना, त्या मुलीच्या मनगटावर बोटानं स्वर दाबला. बरोबर जागेवर. ती मुलगी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होती. खोलीत आवाज कसलाच नव्हता, बाहेरच्या पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा तेवढा. मी चादरीचं शेवटचं टोक खोचलं, लाडवांचा डबा टेबलावर ठेवला, आणि दोघींपैकी कुणालाही कळायच्या आत बाहेर येऊन चपला घातल्या.

गेटवर रिक्षा मिळाली. मी आत बसले, पदर सावरला.

“कुठं जायचं?” रिक्षावाल्यानं विचारलं.

मी पुण्यात जन्मलेली, पुण्यात वाढलेली बाई. मला काही केल्या सांगता येईना.